पऱ्हाट्यांचा मार अन् आम्ही दोन बॉडीगार्ड

दोस्तहो, आज सेटवर जे झालं ते लिहितो.

आमच्या पुलगावजवळच्या कापसाच्या वावरात टीव्ही मालिकेचं शूटिंग आहे. गोष्ट पन्नास सालच्या जमान्यातली. एक फेमस हिरॉईन अन् तिचे दोन येडे बॉडीगार्ड. त्यातला एक मी. धोतर, काळा कोट, चिकटवलेल्या मिशा.

आजचा सीन सोपा होता. गुंड हिरॉईनचे केस धरून ओढते, ती किंचाळते, आम्ही जीपवरून उडी मारून वाचवतो. गर्दी म्हणून कापूस वेचणाऱ्या बाया बसवल्या होत्या.

ती किंचाळली. आम्ही उडी मारायच्या आधीच बाया उठल्या. बांधावरच्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या वाळल्या काड्या, उचलून गुंडाले झोडपाले लागल्या. त्याचा ओठ फाटला, कानातून रक्त आलं. तो पडला, तरी मार थांबला नाई. आम्ही दोघं बॉडीगार्ड जीपमागं लपलो!

"अवो, ते खोटं होतं!" डायरेक्टर बोंबलला.

"वावरात बाई किंचाळली का हातात येईन ते घेऊन धावाचं," त्या बायांतली मंदामावशी धापा टाकत म्हणे. "साप हाय का मानूस, ते मंग पाहाचं."

मंग तिनं पडलेल्या गुंडाची मूठ उघडली. आत हिरॉईनच्या केसांचा झुबका होता, मुळासकट.

तरी डायरेक्टरनं बायांलेच घरी धाडलं. काऊन, तुम्हीच सांगा.

उद्या तोच सीन पुन्हा आहे. हिरॉईन अडून बसली आहे: "त्या बायका नसतील, तर मी उभी राहणार नाही. बॉडीगार्ड नसले तरी चालतील."