सालेमबाबांची लोकर आणि ताजुद्दीनचा गंजीफ्रॉक

बाणकोटचा ताजुद्दीन परकार सौदीत थंडीने मरता मरता वाचला, असं आमच्या खाडीत कुणाला सांगितलं की आधी लोक हसतात. वाळवंटात कसली थंडी? अहो, तबूकला जानेवारीत या एकदा! सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरलेला असायचा आणि दुपारी त्याच अंगणात सदरा काढावासा वाटायचा.

खाडीच्या त्या तीराला बाणकोट, या तीराला आमचं बागमांडलं. गावात कधी आमचं बोलणं झालं नाही, ते तबूकला येऊन झालं. ताजुद्दीनचे वडील शिडं शिवायचे. चौथीतून शाळा सुटली ती वडिलांना दोरा ओवून द्यायला, आणि तेव्हापासून कापड दिसलं की याचा हात तिकडे गेलाच म्हणून समजा. एकदा मशिदीतून बाहेर येताना पुढच्या माणसाचा झगा चिमटीत धरून बघत होता, तर त्या माणसाला वाटलं खिसा कापतोय! ते प्रकरण मिटवायला मलाच जावं लागलं. पण तो किस्सा वेगळा.

आमचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा तो मालक, अबू नाएफ, म्हणजे नाएफचा बाप; तिकडे थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. तबूकच्या बाजारात त्याचं तंबू-ब्लँकेटांचं आणि गरम कपड्यांचं दुकान. ताजुद्दीन गल्ल्यापुढे, मी गाडीवर.

सन एक्क्याण्णवची ही गोष्ट. इराकशी लढाई जुंपली होती. खिडक्यांना चिकटपट्ट्या, प्रत्येकाच्या गळ्यात गॅसचा मुखवटा, वरून विमानं अशी जायची की ताटातली वाटी हलावी. ज्याला त्याला घर आठवत होतं. ताजुद्दीनला तर जास्तच, कारण बदरुन्निसा पोटुशी होती, दिवस भरत आले होते, आणि लढाईच्या बातम्या ऐकून तिने अन्न टाकलंय असा गाववाल्यांकडून निरोप आला होता. पासपोर्ट कफीलच्या कपाटात. तो जा म्हणेल तेव्हा जायचं, आणि दुकान सांभाळायला माणूस नाही म्हणून तो काही जा म्हणत नव्हता.

अशात अबू नाएफच्या वडिलांनी, सालेमबाबांनी, चकोरांच्या शिकारीला जायचा हट्ट धरला. आमच्या मराठीच्या पुस्तकात चकोर चांदणं पिऊन जगायचा. सालेमबाबा त्याला कांदा घालून परतायचे.

"लढाई चालू आहे, बाबा," कफील म्हणाला.

"लढाई माणसांची आहे. चकोरांना कुणी कळवलंय?"

म्हातारा ऐकेना. आदल्या थंडीत त्यांच्या छातीत पाणी झालं होतं, कसेबसे उठले होते. शेवटी कफीलने ताजुद्दीनला बोलावलं. "कपडे तू निवड. बरोबर जा. बाबा जसे गेले तसे परत आले तर दुसऱ्या दिवशी तुझा पासपोर्ट तुझ्या हातात. खोकत आले तर सुट्टी खलास."

झालं! ताजुद्दीनची झोप उडाली. दुकानात मेरिनो मेंढीच्या लोकरीचे अंगालगत घालायचे कपडे आले होते, पातळ, मध्यम, जाड. त्याने माझ्या एका मनगटाला ओलं सुती फडकं बांधलं, दुसऱ्याला ओली लोकर, आणि मला सकाळच्या वाऱ्यात अंगणात उभं केलं.

"सांग, कुठला हात गार?"

"दोन्ही गार. चहा दे."

"नीट सांग, माझं घरी जाणं त्यावर आहे!"

सुताचा हात बर्फ झाला होता. लोकर ओली होती, तरी हाताला ऊब होती. तो नाचायचाच बाकी राहिला. मी म्हटलं, मग सर्वांत जाड दे म्हाताऱ्याला. तर म्हणाला, "तू गाडीच चालव. चढताना घाम येणार, बसलं की गारठा. एक जाड घातला तर काढता येत नाही की ठेवता येत नाही. दोन पातळ. आतला अंगाला चिकटून, वरचा गळ्याशी चेनचा, म्हणजे तापलं की उघडता येतो. त्यावर फरवा." फरवा म्हणजे आतून मेंढीचं कातडं लावलेला तिकडचा जाड झगा.

मलाही तसेच दोन पातळ सदरे दिले; फरवा मात्र एकच घेतला, बाबांसाठी. निघायच्या पहाटे तो स्वतः कपडे घालताना पाहिला, तर आधी सुती गंजीफ्रॉक, मग लोकर.

"अरे, सगळ्यांना शिकवतोस आणि स्वतः?"

"गंजीशिवाय मला नागडं वाटतं, गुरुनाथ. आणि लोकर अंगाला चावते."

गंजीफ्रॉक म्हणजे आम्हा किनाऱ्यावरच्या माणसांची दुसरी कातडीच.

डोंगराच्या पायथ्याशी सैनिकांची चौकी होती. त्यांनी बजावलं की वर जाळ नाही, धूर नाही, काही पेटलं तर वरून काय येईल सांगता येत नाही. गाडी तिथेच ठेवून आम्ही चढलो. ऊन छान होतं. बाबांनी चेन उघडली, बंदूक खांद्यावर, बोकडासारखे पुढे. मागे ताजुद्दीन, पाठीवर फरवा, पाणी, खजूर, सगळं ओझं. घामाने निथळत होता.

दुपार कलली आणि ढग डोंगरावर बसले. वारा सुटला, पाठोपाठ भुरभुर बर्फ. पुढचं पाऊल दिसेना. बाबा म्हणाले, "इथेच थांबायचं. वाट दिसेपर्यंत कुणी हलायचं नाही." एका कपारीत आम्ही तिघे दाटीवाटीने बसलो. ताजुद्दीनने फरवा बाबांना पांघरला, बटणं लावली, आणि मी त्याच्याकडे बघितलं तर त्याची बोटं थरथरत होती.

"ताजू, थंडी वाजते?"

"गप्प बस," तो आपल्या बोलीत पुटपुटला. "म्हाताऱ्याला कळलं तर तो फरवा काढून मला देईल. अरबाची जात आहे, पाहुण्याला उघडं बसू देणार नाही. मग तो खोकणार आणि मी बदरुन्निसाला काय तोंड दाखवू?"

मी माझा मफलर त्याला गुंडाळला. दात वाजू नयेत म्हणून तो खजुराची बी चावून बसला. बाबा मजेत जुन्या शिकारी सांगत होते आणि हा प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. वारा आत शिरत होता. घामाने भिजलेला तो गंजीफ्रॉक त्याच्या छातीवर गार पडत चालला होता, आणि वरची लोकर बिचारी काय करणार?

मग त्याचं थरथरणं थांबलं. मला बरं वाटलं, मूर्ख मी! तो माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाला, "गुरुनाथ, भरती लागली का रे? होडी ओढायला हवी."

मी त्याचा खांदा धरून हलवला.

"काय म्हणतो?" बाबांनी विचारलं.

"समुद्राचं विचारतोय."

बाबा एका क्षणात गोष्ट विसरले. ताजुद्दीनच्या गळ्यातून आत हात घातला आणि ओरडले, "हे ओलं फडकं कुणी घातलं याला?" त्याची लोकर डोक्यावरून काढली, मग कमरेची सुरी. ताजुद्दीन तशातही गंजी दोन्ही हातांनी धरून बसला, सोडेना. बाबांनी तो उभा फाडला, ओढून बाहेर भिरकावला. आपला वरचा लोकरीचा सदरा काढून त्याच्या उघड्या अंगात चढवला, वर त्याची लोकर घातली, त्याला छातीशी घेतलं आणि दोघांवरून फरवा लपेटला. मी त्याचे पाय पोटाशी धरून बसलो. कुणासाठी घाबरावं ते कळत नव्हतं, कारण बाबांना ढास लागली होती.

बऱ्याच वेळाने ताजुद्दीन पुन्हा थरथरू लागला. ते थरथरणं बघून मला देव दिसला! पहिलं वाक्य बोलला ते हे: "बाबा, फरवा तुम्ही घाला. माझी सुट्टी जाईल."

"कसली सुट्टी?"

म्हाताऱ्याला सौद्याचा पत्ताच नव्हता. मी तोडक्यामोडक्या अरबीत सगळं सांगितलं. बाबा ऐकत राहिले, मध्येच खोकले, आणि फरवा दोघांवरून आणखी घट्ट ओढला.

ढग हलले तसे आम्ही उतरलो, ताजुद्दीन दोघांच्या मध्ये. चकोर एकही नाही. दिवस मावळता मावळता घरी पोचलो, तर अबू नाएफ दारातच उभा. बाबा गाडीतून उतरले आणि काही केल्या खोकला आवरेना. कफीलने ताजुद्दीनकडे असं पाहिलं की मीच मान खाली घातली.

बाबांनी खोकला संपू दिला. मग लेकाला म्हणाले, "नाएफच्या बापा, मला या माणसाने आईसारखं कपड्यात घातलं. स्वतःला मात्र घालता येत नाही. याला उद्याच बायकोकडे पाठव, इथे राहिला तर मरेल."

"पण बाबा, तुमचा खोकला..."

"खोकला माझा आहे. तुझ्या सौद्यात तो मी घातलेला नाही."

दुसऱ्या दिवशी मीच त्याला जेद्दाच्या बसमध्ये बसवलं. वर विमानं घोंगावत होती, पुढे विमान मिळेल की नाही ठाऊक नव्हतं, पण पासपोर्ट त्याच्या छातीशी होता आणि सीटच्या कापडाचा कोपरा चिमटीत धरून तो मला म्हणाला, "हलका माल आहे रे, गुरुनाथ. दोन वर्षांत फाटेल."