के तीनदा, मग एंटर

"शिरूरच्या कार्यालयातील एक वयस्कर सहकारी माउसला बुजत असत. त्यांच्या संथ बोटांमुळे चाचण्यांत नसत्या चुका निघत राहिल्या आणि यादीची नवी आवृत्ती हंगामाच्या तोंडावर अडकून पडली. अखेर पुण्यातून आम्ही वेग वाढवला आणि प्रश्न मिटला."

आमच्या जुन्या कंपनीच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत ही तीन वाक्ये छापून आली आहेत. लिहिणारे गृहस्थ त्या काळी आमचे मुख्य इंजिनिअर होते. वयस्कर सहकारी म्हणजे मी. त्यांनी माझे नाव घातलेले नाही, म्हणून मीही त्यांचे घालत नाही. एवढ्यापुरती आमची फिट्टंफाट झाली. बाकीचा हिशेब अजून व्हायचा आहे.

आधी आम्ही काय करत होतो ते सांगतो. दोन हजार सालच्या आसपास शिरूरच्या बाजारपेठेत, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावर, दोन खोल्यांत आमची कंपनी होती. खालच्या दुकानात नटबोल्ट आणि बेअरिंग मिळत. आम्हीही वर सुटे भागच विकत होतो. संगणकाच्या पडद्यावर जे बटण दिसते, तारखेचा चौकोन दिसतो, नावांची यादी उलगडते, ते प्रत्येक प्रोग्राम लिहिणाऱ्याने स्वतः घडवत बसू नये, तयार घेऊन बसवावे, यासाठी आम्ही अशा भागांचा एक संच केला होता. त्याला कंट्रोल्सची लायब्ररी म्हणत. दूध डेअरी, बाजार समिती, साखर कारखाना यांचे प्रोग्राम लिहिणारे लोक तो संच आमच्याकडून नेत. कोड पुण्याला लिहिला जाई. तपासणी शिरूरला होई, आणि तपासणारा मी होतो.

मला हे काम कसे मिळाले, याविषयी स्मरणिकेत अवाक्षर नाही. त्याआधी मी दौंडकडच्या एका कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होतो. उसाची गाडी काट्यावर चढली की गाव, नाव आणि वजन संगणकात घालायचे आणि चिठ्ठी काढायची. आमचे मालक शिरूरचेच. काळ्या पडद्याच्या जुन्या प्रोग्रामवर माझी बोटे चालताना त्यांनी पाहिली आणि माझी सेवा संपल्यावर मला बोलावून घेतले. "आबा, आमची पोरं पडद्याकडं बघून टायपिंग करत्यात. तुम्ही न बघता करता. मला तुमच्यासारखा माणूस पायजे," असे ते म्हणाले. बुजरा माणूस शोधायला ते आले नव्हते. माउस, सांगायचे झाले तर, मी दुसऱ्या दिवशी शिकलो. त्यात शिकण्यासारखे फारसे काही नव्हते.

काट्यावरच्या माणसाचे डोळे पडद्यावर नसतात, ही गोष्ट या साऱ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे. एक डोळा काट्यावरच्या गाडीवर असतो, दुसरा ड्रायव्हरच्या हातातल्या कागदावर. मागे ट्रॅक्टरांची रांग भोंगे वाजवत असते. अशा वेळी कारकून गावाचे नाव वाचत नाही, बोटांनी मोजतो. त्या काट्याच्या यादीत इंग्रजी 'के' अक्षराची पहिली तीन गावे होती करडे, कवठे येमाई आणि केंदूर. के एकदा दाबले की करडे, दोनदा दाबले की कवठे, तीनदा दाबले की केंदूर. मग एंटर. ड्रायव्हरने "केंदूर" म्हणायच्या आत बोटे के-के-के करून मोकळी झालेली असत. जुना प्रोग्राम हळू होता, पण एकही दाब विसरत नसे. काट्यावरचा दुसरा नियमही इथेच सांगून ठेवतो: ज्याने कळा दाबल्या, चिठ्ठीवर सही त्याची. मालकाची नाही, शेजारी उभ्या असलेल्याचीही नाही.

नवी यादी दिसायला देखणी होती, ते मी नाकारत नाही. ती लिहिलीही इंजिनिअर साहेबांनीच, हेही नाकारत नाही. पण तिची खोड अशी होती की गाव बदलले की शेजारच्या चौकोनात त्या गावच्या सगळ्या ऊस उत्पादकांची नावे ती पहिल्यापासून शेवटपर्यंत रंगवत, म्हणजे पडद्यावर उमटवत, बसे. चौकोनात मावत दहा-बारा नावे. ही बाई न दिसणारी शेकडो नावेही रंगवी. आणि रंगवणे चालू असताना कोणी कळ दाबली, तर ती कळ टाकून देई. पुण्याच्या टेबलावर प्रत्येक गावाला चार-पाच खोटी नावे घालून ती तपासलेली होती. तिथे सगळे क्षणात होई. मी माझ्या जुन्या काट्याची पूर्ण यादी भरून, डोळे कागदावर ठेवून, के तीनदा दाबले आणि एंटर केले. आले कवठे येमाई.

मी वहीत लिहिले: काय दाबले, काय यायला हवे होते, काय आले. दिवसभर तेच केले. संध्याकाळपर्यंत निम्मे केंदूर कवठ्याला जाऊन बसले होते. एकदा चूक माझी होती, मी दोनदाच दाबले होते. तीही वहीत 'माझी चूक' म्हणून नोंदलेली आहे. नसत्या चुका लिहिणारा माणूस स्वतःची चूक लिहीत नाही.

इंजिनिअर साहेब आठवड्याला एकदा पुण्याहून येत. त्यांनी वही चाळली आणि हसले.

"आबा, तुम्ही कळ अर्धवट दाबता."

"साहेब, या बोटांनी मी रांगा संपवलेल्या आहेत."

"पण मला सांगा, समोर काय आलंय ते बघितल्याशिवाय माणूस पुढची कळ दाबेलच कशाला?"

"कारण मागचा ड्रायव्हर भोंगा वाजवतोय."

"मग त्याला थांबायला सांगा."

"ते तुम्ही या सांगायला," मी म्हणालो. मालक खिडकीकडे तोंड करून हसले. साहेब हसले नाहीत.

आमच्याकडे पद्धत अशी होती की तपासणीच्या कागदावर माझी सही झाल्याशिवाय सीडी दाराबाहेर जात नसे. मी सही केली नाही. कारखान्याचा प्रोग्राम करणारा माणूस रोज फोन करी, हंगाम जवळ येत चाललेला. मालकांनी एक दिवस चहा मागवला, तेव्हाच मी ओळखले.

"आबा, करून टाका सही. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू की."

"आणि तवर केंदूरचा ऊस कवठ्याला?"

"तुमचा हट्ट हाय हा."

"हाय," मी म्हणालो. "कागदावर लिहा पाहिजे तर. पण सही माझी न्हाई व्हायची."

'संथ बोटे' या शब्दांचा समाचार इथेच घेतो. त्याच आठवड्यात मी कॅसेटचा टेप रेकॉर्डर घेऊन माझ्या जुन्या काट्यावर गेलो. माझ्या जागी आलेला कारकून मध्यमवयीन, मोठा थट्टेखोर गृहस्थ होता. जुन्या नोंदी पुन्हा घालायचे काम त्याच्याकडे चालू होते. मी टेप त्याच्या कीबोर्डशेजारी ठेवला. "आबा, गानं म्हनू का?" त्याने विचारले. मी म्हणालो, तू फक्त काम कर. शिरूरला परतल्यावर मी ती टकटक मालकांना ऐकवली आणि मग त्याच टेपवर माझी टकटक ऐकवली. दोन्हींत फरक होता. त्याची बोटे माझ्याहून वेगवान होती. म्हणजे माझ्या हातून जितके दाब गळत, त्याच्या हातून त्याहून अधिक गळणार होते. हे पुण्याला कळवले, तेव्हा उत्तर आले की कॅसेट हा पुरावा होत नाही. मग प्रत्यक्षच पाहू, असे मालकांनी ठरवले.

आम्ही तिघे मालकांच्या जीपने गेलो. हंगाम नुकताच पेटला होता. काट्यावरच्या कोठडीत नवा संगणक जुन्याच्या शेजारी मांडला. साहेबांनी माउस मागितला. कारकुनाने ड्रॉवर उघडून दाखवला. आत माउस फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता. "पाचटाचा भुसा ह्याच्या पोटातल्या गोळीत जातोय, सायेब. हंगामात ह्यो झोपलेलाच असतो." मी खुर्चीकडे सरकलो. साहेब म्हणाले, "तुम्ही नको आबा, तुमच्याच बोटांचा तर प्रश्न आहे," आणि स्वतः बसले. मी मागे भिंतीला टेकून उभा राहिलो. माझे दोन्ही हात पाठीमागे होते.

पहिल्या दोन गाड्या नीट गेल्या, कारण ते प्रत्येक कळेनंतर पडदा पाहत होते. तेवढ्यात रांग फाटकाबाहेर गेली आणि भोंगे सुरू झाले. कारकून कागद पाहून ओरडू लागला, साहेबांचे डोळे त्याच्याकडे वळले आणि बोटे आपोआप चालू लागली. चौथी गाडी केंदूरची होती. चिठ्ठी छापून आली, तीवर सही झाली, ड्रायव्हरने खिडकीतून हात घालून घेतली आणि दोन पावले जाऊन परत आला.

"सायेब, काट्यावर चढलो तवा मी केंदूरचा व्हतो. उतरेपर्यंत कवठ्याचा झालो व्हय?"

कारकून पोट धरून हसला. साहेबांनी चिठ्ठी परत घेतली, तीवर आडवी रेघ मारली आणि ते उठले. परतीच्या वाटेवर न्हावऱ्याला चहा घेताना मी त्यांना एक गोष्ट सांगितली. आमच्या घरात वडिलांच्या काळापर्यंत मेंढरे होती. मेंढरे कोंडायची जाळी असते, तिला वाघर म्हणतात. मोजताना आम्ही अख्खा कळप डोळ्यांपुढे घेत नसू. वाघरीचे तोंड थोडे उघडायचे आणि त्यातून जेवढी जातील तेवढीच पाहायची. आतल्यांना आतच राहू द्यायचे, पण एकही हुकू द्यायचे नाही. साहेबांनी कप खाली ठेवला आणि ते जीपकडे निघाले.

पुढच्या खेपेला आलेली यादी चौकोनात मावतील तेवढीच नावे रंगवत होती, आणि रंगवताना आलेले दाब रांगेत धरून ठेवत होती. कल्पना माझी होती असा दावा मी करत नाही. गोष्ट कोणी सांगितली, एवढेच सांगतो. त्यासोबत त्यांनी एक छोटा प्रोग्रामही पाठवला. तो माणसाऐवजी स्वतः के तीनदा दाबून एंटर करी आणि केंदूर आले की नाही ते तपाशी. दोन दाबांमधले अंतर त्यांनी त्या कॅसेटवरून घेतले होते, जिला ते पुरावा मानत नव्हते. मी तो प्रोग्राम सकाळपासून दुपारपर्यंत चालवला, मग डोळे मिटून स्वतः कळा दाबल्या. प्रत्येक वेळी केंदूरच आले. तेव्हा मी सही केली.

तर आवृत्ती अडकली होती, हे खरे; ती मीच अडकवली आणि आजही अडकवीन. वेग पुण्यातून वाढला, हेही खरे. उरला प्रश्न माझ्या संथ, बुजऱ्या बोटांचा. त्या दिवशी न्हावऱ्याला साहेबांनी ती रद्द केलेली चिठ्ठी चहाच्या टेबलावर टाकली होती. मी ती उचलून वहीत ठेवली. ती अजून वहीत आहे. तीवर गाव छापले आहे कवठे येमाई, आणि आडव्या रेघेखाली, काट्याच्या नियमाप्रमाणे कळा दाबणाऱ्याची म्हणून, सही साहेबांची आहे.