चौथी स्टेप

वायफाय लागत नाही म्हटलं की लॉग पाहायचा, चूक शोधायची, हे माझं रोजचं काम. भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर हसण्यावारीच नेल्या... तरी हे लिहून राहिलो.

जबलपूरच्या एका कॉलेजात, कॉम्प्युटर सेंटरच्या पहिल्या मजल्यावर माझी खोली आहे. कॅम्पसचं वायफाय सुरक्षित — प्रत्येकाचा आयडी, पासवर्ड, वर सर्टिफिकेट. ते बसवायची विंडोजवर एक पद्धत, अँड्रॉइडवर दुसरी, लिनक्सवर तिसरी. आधी सोबत वानखेडेजी होते. पोरं गोंधळली की ते जुन्या प्रिंटआउटच्या मागे हाताने स्टेप्स लिहून देत. पहिली ओळ ठरलेली — ‘घबराना नहीं’. दीड वर्षापूर्वी ते आजारपणात गेले. तेव्हापासून मी एकटाच.

मागच्या हिवाळ्यात लिनक्सचं नवं व्हर्जन आलं आणि ते टाकलेले लॅपटॉप वायफायला जोडलेच जाईनात. तीन दिवस डोकं खाजवल्यावर एका संध्याकाळी मला उपाय सापडला — चौथ्या स्टेपला एक सेटिंग बदलायची. कोणाला सांगितलं नव्हतं, कुठे लिहिलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीला कुलूप लावून होस्टेलला गेलो. बाराला परतलो तर जिन्यात एक मुलगी लॅपटॉप मिटत होती. फर्स्ट इयर, मझौली गावची. अकराला तिचा ट्रेनिंगसाठी ऑनलाइन इंटरव्ह्यू होता, नव्या लिनक्सवर वायफाय लागेना म्हणून रडत इथे आली होती. आता चेहरा फुललेला. म्हणाली, “अंदर वाले सर को थैंक यू बोल दीजिएगा.”

मी कुलूप दाखवलं. ती गोंधळली. दार उघडं होतं म्हणाली. चष्मा कपाळावर चढवलेले, हाफ स्वेटरवाले सर बसले होते. आणि तिने चिठ्ठी पुढे केली. जुन्या प्रिंटआउटची मागची बाजू. ‘घबराना नहीं.’ अक्षर वानखेडेजींचं. चौथी स्टेप... तीच. ते असताना हे व्हर्जन निघालंसुद्धा नव्हतं.

लॉगमध्ये तिचा लॅपटॉप अकराच्या जरा आधी जोडलेला दिसला. बाकी काही नाही.

मुलीचा नंबर आणि ती चिठ्ठी घेऊन रविवारी खमरियाला वानखेडेजींच्या घरी गेलो. त्यांची बायको, म्हणजे वहिनी, तिथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत नोकरीला, तिथल्याच क्वार्टरमध्ये राहतात. वाटलं, चिडतील. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, अक्षरांवरून बोट फिरवलं. शेवटचे दोन महिने खोकल्याने वानखेडेजींना धड बोलताही येत नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं.

“काय हो भाऊ,” त्यांनी विचारलं, “खोकून राहिले होते का ते?”

तिथूनच मुलीला फोन लावला, स्पीकरवर. वहिनींनी तिलाही तेच विचारलं.

“नहीं आंटी,” ती म्हणाली, “आराम से बैठे थे. पूरा समझाया, फिर लिखकर दिया.”

वहिनी “बरं” म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. वहिनींनी ते विचारलंही नाही.