कपाळावरची खोक

माझ्या डाव्या भुवईवर एक खोक आहे. नातवंडांना सांगते, बिबट्याशी झुंजले. खरं तर ती लोणी भापकर गावातल्या जुन्या देवळाच्या चौकटीची, आणि त्याहून जास्त माझ्या अकलेची.

तेव्हा मी पंचेचाळिशीची, बारामतीत शाळेत गणित शिकवायचे. बुद्धविहारात भाषणाला कुणी माइक हातात दिला की परत मागून घ्यावा लागायचा. शाळेतल्या बायकांची सहल निघाली, त्या देवळाची पुष्करणी आणि कोरीवकाम बघायला. घरी सासरे. लहानपणी जातीपायी गावच्या देवळाबाहेर उभे ठेवलेले, मग वडिलांचं बोट धरून धम्मदीक्षा घेतलेले. निघताना त्यांनी दारात थांबवलं.

"बघायला जा. नक्षी मान्साच्या हातची हाय. पर मान वाकवायची न्हाय. शबुद दे."

"दिला, आबा!" मी असं ठणकावलं की शेजारची म्हैस दचकली.

पुष्करणी झाली, खांब झाले. मग गाभाऱ्याचं दार आलं, बुटकं. पुढच्या सगळ्या वाकून आत गेल्या. माझे पाय जागीच रुतले. मागं रांग. परत फिरावं तर बाया म्हणणार, मोठी भाषणं करते अन् दाराला भ्याली. वाकावं तर आबांना तोंड कसं दाखवू?

"अहो बाई, वाका की जरा! खोळंबलोय आम्ही."

मी नजरेनं चौकट मोजली. डोकं निसटतं बसेल, असं वाटलं. मान ताठ केली आणि उंबऱ्यावर पाय दिला. उंबऱ्यावर चढलं की माणूस वीतभर उंच होतो, एवढं गणित काही या बाईला सुचलं नाही.

खाडकन आवाज झाला. डोळ्यात रक्त. कुणीतरी देवापुढच्या ताटलीतली हळद चिमूटभर उचलून जखमेत दाबली.

परतताना जीपच्या आरशात पाहिलं. कपाळभर पिवळं, मध्ये लाल. नवस फेडून आलेली बाईच! पुसायला गेले तर पुन्हा रक्त येई. शेवटी डोक्यावरून पदर ओढून घरात शिरले. आयुष्यात कधी पदर घेतला नव्हता, तिथंच पकडले गेले.

"पदर काढ," आबा म्हणाले.

काढला. ते बघत राहिले. मला तर रडूच फुटायचं राहिलं होतं.

"वाकलीस?"

"नाही, आबा."

"मंग ही हळद?"

सगळं सांगितलं. त्यांनी टॉवेलचं टोक भिजवून हळद हळूहळू पुसली. खालची जखम दिसली.

"वाकू नगं म्हनलं व्हतं. धडक मार म्हनलं न्हवतं." मग थांबून, "आत काय हाय गं?"

"कुणाला ठाऊक! आत गेलेच नाही."

पुढच्या रविवारी ते मला घेऊन तिथंच गेले. दारासमोर उभे. मागं चार माणसं जमली, कुणीतरी खाकरलं. हे परत फिरणार, का माझ्यासारखंच कपाळ फोडून घेणार?

आबांनी माझा खांदा धरला. मान खांबासारखी सरळ. गुडघे मात्र दुमडत गेले, आणि बसल्या बसल्या, बदकासारखे, ते उंबरा ओलांडून आत गेले.

आत छतावरचं दगडी कमळ त्यांनी डोळे भरून पाहिलं. मग पुटपुटले, "गुडघं अडाकलं. उठीव मला."

"मला वाकावं लागेल, आबा."

"मंग वाक की! मी काय दगुड हाय व्हय?"