सुर्ल्याची न टाकलेली जाहिरात

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. आजही नाही. मी पेडण्यात राहतो, वेबसाइट आणि ॲप बनवतो. आमच्या धंद्यात जे घडतं त्याची लॉगमध्ये नोंद असते... नोंद नसेल तर ते घडलेलंच नाही. हे मी छातीठोकपणे सांगायचो.

गेल्या वर्षी एका ॲपमध्ये नोकरी शोधायची सोय घातली. जाहिराती गोळा करणारी एक कंपनी त्यासाठी API देते — आपण गावाचं नाव पाठवायचं, तिकडून यादी येते, ती आपण दाखवायची. दोन दिवसांचं काम. पण मोपाचा विमानतळ सोडला तर आमच्या बाजूची यादी रिकामीच यायची. मग स्क्रीन कशी दिसते ते बघायला मी एक खोटी जाहिरात लिहिली: ‘सुर्ला. वजनकाट्यावर क्लार्क पाहिजे. हिरव्या गेटवर पुंडलिक सरांना भेटा.’ सगळं मनचं. ती फाइल माझ्या लॅपटॉपवरच होती, सर्व्हरवर कधी चढवलीच नाही.

ॲपची लिंक मात्र घरच्या ग्रुपवर टाकली. सुर्ल्याला माझा मावसभाऊ दत्तारामदादा राहतो. खाणी बंद होऊन खनिजाचे ट्रक थांबल्यापासून तो घरीच. मावशी अर्धांगवायूने खाटेवर, तिला भरवायलाही तोच. महिनाअखेरीस तिला आश्रमात ठेवून पुण्याला कामाला जायचं त्याने ठरवलं होतं. मला ते सांगताना ढसाढसा रडला होता.

आठवड्याने दुपारी त्याचा फोन आला. "बाबू, काम गावला रे माका. तुझ्या ॲपार होता ना, काट्यावरचा."

मी म्हटलं, "अरे, जायच्या आधी मला विचारायचं तरी."

"देवाक कौल लायलो, उजवी पाकळी पडली. मगे काम होयसर कोणाक सांगूचा नसता."

आमच्याकडची रीतच ती: देवाला लावलेली फुलाची पाकळी उजवीकडून पडली की देवाचा होकार, आणि काम होईपर्यंत बोलायचं नाही. पण ती खोटी जाहिरात चुकून सर्व्हरवर चढली असेल आणि तिच्यावर माणूस कुठे जाऊन फसला असेल, म्हणून मी तशीच मोटारसायकल काढली आणि सुर्ला गाठलं.

गेट हिरवं होतं. आत वाळू-खडीच्या ट्रकांचा वजनकाटा, आणि खुर्चीवर चष्मेवाले एक गृहस्थ. "मी पुंडलिक," म्हणाले. जाहिरात कुठे दिली होती, विचारलं.

"जाहिरात कसली? आमचा क्लार्क आज सकाळी काम सोडून गेला. मी अजून कोणाला सांगितलंही नव्हतं. तेवढ्यात तुमचे हे दत्ताराम दारात हजर."

घरी येऊन लॉग उघडला. दादाने सुर्ला शोधलं होतं, आदल्या दिवशी, एकदाच. निकाल: शून्य. API कंपनीलाही विचारलं, त्यांच्याकडेही शून्य. माझा कोड मी दहादा तपासला, त्यात चूक नाही. हे आजही पैजेवर सांगतो.

पण दादाने स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. माझेच शब्द, जसेच्या तसे. आणि खाली एक ओळ जास्त: ‘दुपारी जेवायला घरी जाता येईल.’

ती मी लिहिली नव्हती. कोणी लिहिली, मला माहीत नाही. मावशी मात्र रोज दुपारी त्याच्याच हातची पेज जेवते.