मोळीवालीचं दूध

तळोद्यात इंग्रजी अंमल असताना आम्हाला जुळे झाले. घरातल्या बायकांनी मला एकच काम दिलं, दारात बसून गलका होऊ द्यायचा नाही. डोंगरातली एक मोळीवाली आली, तिच्यावर मी "नको, नको" असा ओरडलो की थोरला जागा होऊन बोंबलू लागला.

धाकटा गप्पच होता. बायकोचं रक्त फार गेलेलं, दूध एकालाच जेमतेम पुरे. माझ्या आत्याने निकाल दिला होता, "थोरल्याले पाजा. धाकला काही ऱ्हात नही."

मोळीवालीने मोळी उतरवली, दारातून निपचित धाकटा दिसताच न विचारता आत जाऊन त्याला मांडीवर घेतलं. त्याला ओढायची ताकद नव्हती, म्हणून ती बोटांनी दाबून थेंबथेंब दूध त्याच्या ओठांत सोडू लागली. तिच्या पाठीवरची पोर किंचाळत होती.

मी म्हणालो, "बाई, आधी तिले पाज."

"ती रडी लेस," ती म्हणाली. "याले तेवढं बी बळ नही."

मग ती रोज येई आणि मी रोज मोळी घेई. परसात लग्नघराइतकं सरपण साठलं.

एका दुपारी धाकटा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा रडला. मी त्याला उगी करायला धावलो.

"ऱ्हाऊ द्या," बायको म्हणाली. "आयकू द्या माले."