सहा महिन्यांनी तेच चार प्रश्न

इनायतुल्ला अकोल्याच्या एका दवाखान्यात मलमपट्टी करायचा. साल होतं एकोणीसशे चौतीस. अंतर्गळाच्या, म्हणजे जांघेत आतडं उतरून गाठ आलेल्या, रोग्यांना डॉक्टरसाहेब तारीख देऊन बोलवायचे. शस्त्रक्रिया व्हायची, टाके निघायचे, कागदावर 'बरा' असा शेरा पडायचा आणि माणूस गावी जायचा. पुढं त्याचं काय झालं, हे कुणालाच ठाऊक नसे. इनायतुल्लाला ते खुपायचं. त्याच्या वडिलांच्या कागदावरही 'बरा' असंच लिहिलेलं होतं. त्यानंतर ते नमाजाला कधी वाकू शकले नव्हते.

म्हणून त्यानं एक वही केली. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी तो रोग्याच्या खाटेशी बसून विचारी: किती चालता, किती ओझं उचलता, झोप लागते का, कोणतं काम सुटलं? सहा महिन्यांनी, सुटीच्या दिवशी, त्याच माणसाच्या गावी जाऊन तेच चार प्रश्न पुन्हा.

बहुतेक घरी चहा मिळे, दुवा मिळे. मूर्तिजापूरजवळच्या सहदेव माळ्याची बायको मनकर्णा मात्र दारातच म्हणाली, "बरं झालं आले, भाऊ. यायले कसं वाटते, कोनी विचारलंच नाही."

सहदेव वांग्याच्या वाफ्याशी उभा होता. "गाठ गेली, खोटं काहून बोलू? पन जांघेत असं टोचते का उकिडवं बसता येत नाही. आधी कण्हत कण्हत तण निंदत तरी होतो."

इनायतुल्लानं ते शब्द तसेच उतरवले आणि वही साहेबांसमोर ठेवली. सव्वीस जणांपैकी एकोणीस सुधारले होते, चौघं होते तसेच, तिघं आधीपेक्षा वाईट.

"माझ्या चुका शोधतोस?" साहेब कडाडले.

"नाही, साहेब. त्यायनं सांगितलं ते लिहिलं."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सहदेवाला बोलावून पुन्हा तपासलं. त्याचं दुखणं काही गेलं नाही. पण तेव्हापासून साहेब प्रत्येक रोग्याला आधीच सांगू लागले, की कधी कधी दुखणं मागं राहतं.

खुशालराव नावाचा एक गडी ते ऐकून घाबरला आणि घरी परतला. चार महिन्यांनी त्याचं आतडं अडकलं. बैलगाडीतून आणताना वाटेतच तो गेला.

बातमी कळताच इनायतुल्ला साहेबांपुढं जाऊन उभा राहिला. "मी वही दाखवली नसती तं तो जगला असता, साहेब."

साहेबांनी ती वही पुढ्यात ओढली. मग म्हणाले, "आपण अर्धंच खरं सांगितलं. न कापण्यातही जिवाला धोका असतो, हे मी बोललोच नाही. चूक माझी."

पुढच्या सुटीत इनायतुल्ला खुशालरावाच्या घरी गेला. त्याची विधवा माणिकबाई भिंतीला टेकून बसली होती. दुखणं कधी उठलं, ओकाऱ्या कधी लागल्या, त्यानं हळू आवाजात विचारलं.

"हे लिहून काय होईन आता?" ती म्हणाली.

"तुमाले काहीच नाही, बाई. पुढच्याले आधी सांगता येईन."

ती पदर सावरून नीट बसली आणि त्या दिवशीचं पहाटेपासूनचं सगळं सांगू लागली.